बॅटरी बदलली, डायनॅमो बदलला, तरी सेल्फ घेत नाही: आता काय करायचं?

नारायणगावहून पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटो आणणाऱ्या एका पिकअपवाल्या दादांचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. गाडी २०१७ ची, डिझेल, बारा व्होल्टची. दिवाळीआधी क्लचप्लेट बदलली आणि तेव्हापासून सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटार) कधी घेतो, कधी नुसता 'टक्' करून थांबतो. आधी बॅटरी नवी टाकली, मग डायनॅमो (गाडी चालू असताना बॅटरी भरणारा) बदलला, फरक शून्य. हेडलाईट मंद झालेत. साताऱ्याचं भाडं मिळालं की खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर जातो. धाकट्या भावाची शाळेची डिझेल व्हॅन आहे, २०२१ ची, वारजे-कोथरूडमध्ये फिरते, तिचा इंजिनचा दिवा सारखा लागतो. आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की साताऱ्याहून माल भरून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना ब्रेकचं पेडल 'जरा खाली जातं'. शेवटी विचारलंय, "आता पुढे काय बदलू?"

दादा, पुढे काहीही बदलू नका. आधी मोजा. दोन मोठे पार्ट बदलून झाले आणि दोष जागेवर आहे, याचा अर्थ दोष त्या दोन पार्टमध्ये नव्हता. तो शंभर-दोनशे रुपयांच्या अर्थच्या पट्टीतही असू शकतो, म्हणजे इंजिन आणि चॅसी विजेने जोडणाऱ्या पट्टीत, आणि मला तसाच दाट संशय आहे. पण त्याकडे नंतर येतो. तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ मी सगळ्यात आधी घेतो, कारण सेल्फ नाही घेतला तर एक खेप बुडेल, नवले पुलाच्या उतारावर पेडल खाली गेलं तर माणसं जातील. त्या उतारावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका अवजड गाडीने कितीतरी वाहनांना धडक दिली होती, हे पुण्यात कोणी विसरलेलं नाही.

पेडल कसं खाली जातं ते नीट आठवा. उतार संपत आला की मऊ पडतं आणि गाडी तासभर उभी राहिली की पुन्हा पहिल्यासारखं होतं, असं असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट-३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा घेतला की हीच हद्द १४० पर्यंत उतरते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पायाचा जोर लायनरपर्यंत पोचतच नाही. ऑइल किती जुनं आहे? माझ्याकडे येणाऱ्या पिकअपमध्ये बहुतेकांना हे सांगताच येत नाही. दोन वर्षांत ते बदलायलाच हवं, पातळी बरोबर असली तरी. नुसतं वरून टॉपअप करून जुन्या ऑइलचा ओलावा जात नाही.

उभ्या गाडीत पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू फळीकडे सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) आतलं रबर गेलंय. दोनतीनदा पंप केल्यावर पेडल वर येत असेल तर हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर ढिले आहेत. पेडल कडक आहे, वास येतोय आणि गाडी थांबत नाही, तर लायनर तापून घसरताहेत. आणि पेडल नेहमीच दगडासारखं कडक असेल तर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, मिळत नाही. हे शेवटचं तुम्ही विशेष तपासा. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्या पाठीलाच असतो. डायनॅमो बदलताना तो पंप, त्याचा ऑइलचा पाइप आणि व्हॅक्यूमचा पाइप, सगळं सुटतं आणि परत बसतं. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा पेडल दाबा, मग दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली किंचित उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप आणि पंप बघा.

आता न्यूट्रलचं. तुम्ही न्यूट्रलमध्ये उतरता असं लिहिलेलं नाही, पण त्या रस्त्यावर बरेच जण उतरतात, म्हणून सांगतो. तीन टनांची भरलेली गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. नऊ लिटर पाणी चुलीवर उकळीला आणेल इतकी. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा हिस्सा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार डिस्क आणि ड्रमवर येतो. डिझेल वाचतं हा समजही खोटा आहे. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की नोझलला, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीला, डिझेल जाणंच थांबतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरतं ठेवायला ते जळत राहतं. चावी बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम दोनतीन ब्रेकांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंगही जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबून वेग पाडा आणि सोडा.

ब्रेकचं हे काम झाल्याशिवाय साताऱ्याचं भाडं घेऊ नका. खरंच.

आता सेल्फ. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा शब्द 'क्लचप्लेट' आहे. क्लचचं काम करायला गिअरबॉक्स उतरवतात. गिअरबॉक्स उतरवताना सेल्फ सुटतो आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी अर्थची पट्टी, ती विणलेली तांब्याची वेणी, तीही सुटते. परत बसवताना ती कधी राहून जाते, कधी गंजलेल्या किंवा रंग लागलेल्या जागेवर बसते, कधी बोल्ट अर्धवटच आवळलेला असतो. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीपासून ते विजेच्या हिशेबाने तुटलेलंच असतं. ही पट्टी हाच त्याचा मुख्य रस्ता.

पट्टी खराब असली की काय होतं ते बघा. सेल्फला लागणारा सगळा करंट त्याच पट्टीतून बॅटरीकडे परततो. डिझेल पिकअपचा सेल्फ सहज २०० ते ४०० अँपिअर ओढतो. जोडावर समजा एक शतांश ओहमचाच रोध आहे. ३०० अँपिअर गेले की तिथे ३ व्होल्ट मरतात. बॅटरीच्या १२ मधून ते गेले, सेल्फ ओढायला लागल्यावर बॅटरी स्वतःही थोडी बसते, मग सेल्फला उरतं काय? सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, 'टक्' होतं, आणि आर्मेचर, म्हणजे सेल्फचा आतला फिरता भाग, फिरत नाही. दुसरं, डायनॅमोचा करंटही त्याच पट्टीतून फिरतो. म्हणून डायनॅमो नवा असूनही बॅटरीवर पूर्ण चार्जिंग पोचत नाही, हेडलाईट मंद राहतात, आणि नवी बॅटरी महिनाभरात जुन्यासारखी वागते. तुमच्या तिन्ही तक्रारी एका पट्टीत बसतात.

बसतात म्हणजे तिथेच दोष आहे असं मी म्हणत नाही. मोजल्यावर म्हणेन.

आमच्याकडे वायरमन लोकांची एक जुनी सवय आहे, टेस्ट लॅम्प लावायचा, बल्ब पेटला की 'करंट येतोय' म्हणायचं. पार्किंग दिवे, हॉर्न वगैरे शोधायला ती पद्धत उत्तम आहे. सेल्फच्या लाइनसाठी ती फसवी आहे. बल्बला पाव-अर्धा अँपिअर लागतो. जाड केबलच्या आतल्या सगळ्या तारा कुजून एक तार शाबूत राहिली तरी बल्ब झकास पेटतो. मल्टिमीटर ओहमवर लावून केबल तपासली तरी तेच होतं, एक शतांश ओहम त्याला दिसत नाही. म्हणून माप घ्यायचं ते भार चालू असताना, व्होल्टमध्ये. यालाच आम्ही व्होल्टेज ड्रॉप म्हणतो आणि ज्या गॅरेजमध्ये हे माप घेतात तिथे विनाकारण बॅटऱ्या विकल्या जात नाहीत.

मल्टिमीटर पुण्यात तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. सकाळी चावी लावण्याआधी, गाडी रात्रभर उभी असताना, बॅटरीच्या दोन टोकांवर माप घ्या. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर ती रिकामीच समजा. मग एकाला केबिनमध्ये बसवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पट्ट्यापासून हात-कपडे लांब, आणि त्याला सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी बॅटरीवर ९.६ च्या खाली आकडा कोसळला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम आहे. आकडा ११-१२ च्या वरच राहिला आणि नुसतं 'टक्' झालं, तर बॅटरी निर्दोष आहे, करंट सेल्फपर्यंत जात नाहीये.

आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिसाच्या खुंटीवर टेकवा. केबलच्या क्लँपवर टेकवू नका, खुंटीवरच, नाहीतर क्लँप आणि खुंटीमधला दोष मापातून निसटेल. दुसरं टोक सेल्फच्या उघड्या लोखंडी बॉडीवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत आलं तर अर्थ चांगला आहे. अर्धा व्होल्ट, एक, दोन दाखवलं तर चोर सापडला. तसंच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड केबलच्या स्टडपर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. वरचा आकडा आला की मीटर एकेका जोडावर पुढे सरकवत न्या. जिथे आकडा उडी मारतो तो जोड खोला, पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बघा, आवळा आणि वरून ग्रीस लावा.

मीटर नसेल आणि पहाटे शेतात गाडी अडलीच, तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या स्वच्छ लोखंडी भागाला, उचलायच्या हुकला वगैरे. सेल्फ लगेच भन्नाट फिरला तर पट्टीचा दोष जागेवर सिद्ध झाला. अशी गाडी तशीच चालवत राहू नका. पट्टी तुटलेली असताना करंट दुसरी वाट शोधतो, गिअरची केबल, हँडब्रेकची केबल, जे इंजिनला आणि चॅसीला दोन्हीकडे चिकटलंय ते. त्या केबल तापून आतलं प्लास्टिक वितळलेलं मी पाहिलंय.

'टक्' सुद्धा येत नसेल तर रस्ता वेगळा. तिथे जाड केबल सोडा आणि सोलेनॉइडवरची बारीक वायर बघा. चावी स्टार्टवर धरल्यावर तिथे साडेदहा व्होल्टच्या वर काही येत नसेल तर इग्निशन स्विच, रिले किंवा क्लचच्या पेडलवरचा स्विच. क्लचचं काम झालेलं आहे, तेव्हा तो स्विचही विसरू नका.

अर्थ ठीक निघाला आणि बॅटरी तरी सकाळी उतरते, मग दोनच शक्यता: दिवसा भरत नाही किंवा रात्री गळते. दिवसा भरतेय का हे बघायला इंजिन जरा रेस ठेवून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.५ हवं. हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावून तेरा-साडेतेराच्या खाली पडायला नको. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेलाय, बॅटरीतलं पाणी आटेल आणि बल्ब उडत राहतील. मग मीटर एसी व्होल्टवर करा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर डायनॅमोचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटलाय. असा डायनॅमो दिवसा कमी भरतो आणि रात्री त्याच डायोडमधून बॅटरी गाळतो. नव्या म्हणून बसवलेल्या रिकंडिशन्ड डायनॅमोतही हे निघतं, म्हणून नवा बसवलाय हा पुरावा धरू नका.

रात्री गळतेय का हे शोधायला मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या मायनसच्या ओळीत जोडतात. दरवाजे बंद, चावी काढलेली, अर्धा तास थांबायचं, कारण कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या. अर्धा अँपिअर दिसला तर बारा तासांत ६ अँपिअर-तास गेले, आणि मार्केट यार्ड बंद असताना गाडी दोन दिवस उभी राहिली तर २४. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. गळती बहुतेक वेळा कंपनीच्या वायरिंगमध्ये नसते, नंतर जोडलेल्या सामानात असते: जीपीएस, टेप, मागे माल दिसायला लावलेली एलईडी पट्टी, जादा हॉर्न.

या जादा सामानाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पिकअपवर फोकस लावताना थेट बॅटरीवरून वायर ओढतात, ना फ्यूज ना रिले. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तांब्याची तार गुंडाळतात. फ्यूज उडतो तो पुढे कुठेतरी वायर घासतेय म्हणून. तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळणार आणि डिझेलच्या पाइपाशेजारून गेलेलं वायरिंग जळलं की गाडी जाते, कधी माणूसही. बॅटरीवरून जी वायर निघेल तिला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. आज संध्याकाळी बोनेट उघडा आणि तुमच्या गाडीत अशी वायर आहे का ते बघा.

पावसाळ्यात मागचे दिवे वेड्यासारखे वागतात, इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो, तेव्हा वायरिंग उस्कटू नका. मागच्या दिव्याचा अर्थ गंजलेला असतो. एक स्क्रू.

मोठ्या चोवीस व्होल्टच्या ट्रकवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की टेपसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट घेऊ नयेत. ती बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होते. कन्व्हर्टर लावा, आणि बॅटऱ्या बदलाल तेव्हा जोडीने बदला.

खंबाटकीतल्या काट्याकडे येतो. त्याआधी एक गोष्ट उभ्या गाडीतच करा. इंजिन गरम असताना काट्याकडे बघत हेडलाईट आणि ब्लोअर लावा. लावताक्षणी काटा वर सरकला तर पाणी गरम झालेलं नाही, इंजिनचा अर्थच खराब आहे; एका वायरच्या सेन्डरवर (तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या काट्यांमध्ये असं होतं. पाणी एका सेकंदात तापत नसतं. पट्टी दुरुस्त केल्यावर कदाचित ही तक्रारही निम्मी होईल.

तरीही तापत असेल तर कधी तापते ते महत्त्वाचं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून तापते आणि रस्ता मोकळा झाला की उतरते, तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन. पिकअपच्या फॅनला बहुधा व्हिस्कस क्लच असतो, आत सिलिकॉनचं तेल. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, चावी काढा आणि फॅन बोटाने ढकला. तो जरा अडून थांबला पाहिजे. गरगर फिरत राहिला तर क्लच मेलाय. हायवेला सलग ८० ला तापत असेल तर हवा भरपूर आहे, पाणी फिरत नाहीये: रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह). भरलेल्या गाडीत घाट चढतानाच तापत असेल, तुमच्यासारखं, तर मी पहिल्यांदा दोन स्वस्त गोष्टी बघतो, रेडिएटरची जाळी आणि रेडिएटरचं झाकण.

झाकणाला लोक मोजतच नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग साधारण एक बार दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच पाणी १२० पर्यंत टिकतं. स्प्रिंग ढिली किंवा रबर फाटलेलं असेल तर ही वीस-बावीस अंशांची सवलत गेली. घाटात इंजिनचं पाणी शंभरी गाठतं, उकळतं आणि बाहेर पडतं, आणि गॅरेजवाला हेडगॅस्केटचं (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचं) एस्टिमेट देतो. झाकण आपल्या गाडीच्या बारचंच घ्या. आणि गरम इंजिनवर ते उघडू नका, कितीही घाई असली तरी.

जाळीत टोमॅटोच्या शेतातली धूळ, किडे, पाचट अडकतं. इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारा, कमी दाबाने. जोरात मारलं तर पत्र्याच्या बारीक पापण्या वाकतात आणि हवा कायमची बंद होते.

कूलंट थंडीच्या प्रदेशासाठी असतं, आपल्याला काय गरज, असं अजून ऐकायला मिळतं. कूलंटचं आपल्याकडचं काम गंज आणि क्षार रोखणं आहे, शिवाय त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही चढतो. बोअरचं पाणी घालून घालून रेडिएटरच्या नळ्या पांढऱ्या क्षारांनी भरतात. पुस्तकात लिहिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घाला. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो साधारण ८०-८५ अंशांना उघडतो, म्हणून इंजिन योग्य तापमानाला राहतं. काढला तर सकाळी इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत बायपास उघडा राहिल्याने पाणी रेडिएटरकडे कमी जाऊन घाटात उलट जास्त तापतं.

हेडगॅस्केटची शंका असेल तर थंड इंजिनवर झाकण उघडून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आतच, वरचा होज पाइप फुगून कडक झाला, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात येतोय. मग मात्र हेड उघडावंच लागेल. घाटात काटा लालला लागला तर बाजूला घ्या, पाणी गळत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता रिकामं फिरू द्या. पाणी गेलेलं असेल तर मात्र त्याच क्षणी बंद.

डिझेलबद्दल थोडक्यात, कारण तुमची तक्रार ती नाही. सेल्फ जोरात फिरतो आणि तरी इंजिन पकडत नाही, तेव्हाच डिझेलकडे बघायचं. फिल्टरखालचं पाणी काढा, हँड पंप मारून कडक होतो का बघा. होत नसेल तर टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी हवा ओढली जातेय. जुन्या पंपाच्या गाडीत नोझलचे नट ढिले करून एअर काढायची पद्धत होती. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. त्या पाइपात १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो, ती धार कातडीतून आत जाते आणि हात कापायची वेळ येते. स्कॅनरवर क्रँकिंगचा रेल प्रेशर बघा, २०० बारच्या आसपास चढत नसेल तर इंजिन पकडणार नाही.

भावाच्या व्हॅनचं. २०२१ ची म्हणजे बीएस-६ (धुराच्या नियमांचा टप्पा), एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आहे. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतः जाळते, त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि ते सलग चाललं तरच जातं. वारज्याहून कोथरूड, दर गल्लीत थांबून एकेक मूल घ्यायचं, शाळेपाशी बंद करायची. अशा फेऱ्यांत ते कधीच होत नाही. जाळणं सुरू होतं आणि अर्ध्यात तुटतं. गाडी बिघडलेली नाही, तिला मिळालेलं काम तिला सोसत नाही. दिवा डीपीएफचाच आहे हे स्कॅनरवर पक्कं करा, मग आठवड्यातून एकदा पहाटे, मुलं नसताना, बायपासला देहूरोडपर्यंत ५०-६० च्या वेगाने मोठ्या आर.पी.एम.वर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवून आणा. डिपस्टिक बघत राहा. ऑइलची पातळी वाढत असेल तर अर्धवट जाळण्यात जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल लगेच बदला. दिवा लाल झाला किंवा गाडी पळेनाशी झाली तर ओढत राहू नका, सर्व्हिसला फोर्स रीजनरेशन, म्हणजे मशीन लावून काजळी जाळणं, करून घ्या.

डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो, असं सांगणारे भेटतील. त्या व्हॅनच्या धुराड्याशेजारी रोज शाळेची पोरं उभी राहतात. काढू नका. व्हॅनला युरियाची टाकी असेल तर त्यात ३२.५ टक्क्यांचं डीईएफच (एक्झॉस्टसाठीचं युरियाचं शुद्ध द्रावण) घाला, शेतातला युरिया पाण्यात विरघळवून नाही, आणि ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी लावू नका, टाकी आधी रिकामी करा.

क्लचच्या कामानंतर ४०-५० ला गाडी थरथरते का हे तुम्ही लिहिलेलं नाही. थरथरत असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) उतरवताना खुणा न करता परत बसवलाय का ते विचारा. दोन्ही टोकांचे योक (जोडाचे दुबेळके) एका रेषेत हवेत.

दोन-तीन सकाळी हे आकडे कागदावर लिहा: रात्रभर उभ्या गाडीतले व्होल्ट, सेल्फ मारताना बॅटरीवरचे, सेल्फच्या बॉडीपर्यंतचा ड्रॉप, आणि चार्जिंगचे. तो कागद वायरमनच्या हातात द्या. पट्टी बसवल्यावर मायनसच्या खुंटीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत पुन्हा मोजा, ०.२ च्या आत आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जुना डायनॅमो अजून भंगारात घातला नसेल तर नाना पेठेत बेंचवर लावून बघा. माझ्या अंदाजाने तो चांगला निघेल. तसा निघाला तर गाडीतच स्पेअर म्हणून ठेवा.